पुरात बुडालेला आजोबांचा पाच इंची व्हाइस: भंगारात घालायचा की दुरुस्त करायचा?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आजोबांचा पाच इंची बेंच व्हाइस (टेबलाला बसवून काम दोन जबड्यांत घट्ट धरायचं साधन), २०१९च्या महापुरात कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या घरात चार दिवस पाण्याखाली, नंतर पोत्यात गुंडाळून माळ्यावर. आता स्पिंडल, म्हणजे हँडलनं फिरणारा आट्यांचा दांडा, हलत नाही, जॉ प्लेटांचे (जबड्यांवरच्या पट्ट्यांचे) दात गेलेत, एका प्लेटचा स्क्रू आतच तुटलाय, बेसच्या कानाजवळ (बोल्टसाठी बाहेर काढलेल्या भागाजवळ) बारीक चीर दिसतीय आणि दुकानदार म्हणतोय भंगारात घाला, नवा घ्या. मी तीस वर्षं इथल्याच उद्यमनगरात फिटर-टर्नर म्हणून काढली, असे पुरातनं आलेले व्हाइस पाच-सहा तरी हाताखालनं गेलेत, त्यामुळं सांगतो, लगेच भंगारात घालू नका. जुन्या बिडाचा (ओतीव लोखंडाचा) व्हाइस हातात आहे, त्याला आधी नीट तपासा, त्यात जीव आहे की नाही हे अर्ध्या तासात कळतंय आणि खर्च त्यानंतरचा विषय.

सगळ्यात आधी एक गोष्ट करू नका, ती म्हणजे हँडलला पाइप घालून स्पिंडल फिरवायचा प्रयत्न. एक तर गंजलेला आटा आहे, वर पंचगंगेचा गाळ आत बसलाय. तो गाळ पिठासारखा बारीक असतोय आणि जुन्या ग्रीसमध्ये मिसळला की त्याचा लॅपिंग पेस्ट होतोय, म्हणजे तुम्ही जोर लावून जेवढं फिरवाल तेवढे आटे घासत जाणार. दुसरं, जोराचा हिशोब बघा. पाच इंची व्हाइसच्या हँडलचा हात साधारण २५० मिलिमीटर, आट्याचा पिच (एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर) ६ मिलिमीटर. एका फेऱ्यात तुमचा हात १५७० मिलिमीटर फिरतो आणि जॉ सरकतो फक्त ६, म्हणजे जोर झाला २६० पट. तुम्ही २० किलोनं दाबलं तरी कागदावर ५२०० किलो येतात, त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त घर्षणात जातोय असं धरलं तरी जॉवर हजार किलो सहज पडतात. आता त्याच हँडलवर पाऊण मीटरचा पाइप चढवा, सगळं तिप्पट. बीड दाबाला लई दणकट असतंय, ताणाला मात्र कच्चं, कारण त्यात ग्राफाइटच्या पातळ पापड्या असतात आणि ताण पडला की चीर त्या पापड्यांवरूनच धावती. नवीन कामाला लागलो तेव्हा एका शॉपमध्ये माझ्यासमोर असाच पाइप घालून सहा इंची व्हाइसचा पुढचा जॉ मुळातनं उडाला होता, तो जमिनीवर पडल्यावर फरशी फुटली, तो आवाज अजून कानात आहे. दुरुस्तीतही आणि नंतर वापरतानाही पाइप नको.

आता तपासणी. व्हाइस डिझेलनं धुवा (रॉकेल मिळालं तर उत्तम, पण हल्ली ते मिळणं अवघड झालंय), दात घासायच्या जुन्या ब्रशनं कोपरा-कोपरा काढा, गाळ निघून जाऊ दे. मग लाकडी फळीवर ठेवून लहान हातोड्यानं हळू टकटक करत जा, फिक्स्ड जॉ (मागचा, न हलणारा), स्लाइडचं (पुढच्या जॉबरोबर आत-बाहेर सरकणाऱ्या भागाचं) अंग, बेस. चांगलं बीड खणखणतंय, देवळातल्या घंटेइतकं नाही पण वाजतंय, चीर असेल तिथं आवाज बसका येतो, मडकं फुटल्यासारखा. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी जुनी युक्ती आहे, डिझेल त्या भागावर लावून दहा मिनिटं मुरू द्या, वरनं कोरड्या फडक्यानं साफ पुसा, मग पांढरा खडू घासून पावडरचा थर द्या आणि थोडा वेळ वाट बघा. चिरेत शिरलेलं डिझेल परत बाहेर येतंय आणि खडूवर ओली काळी रेघ उठती. ही रेघ कुठं आणि कुठपर्यंत आहे यावरच सगळा निर्णय आहे बघा.

रेघ जर फिक्स्ड जॉच्या मुळाशी असेल, म्हणजे जॉ जिथं अंगाला मिळतो त्या कोपऱ्यात, किंवा स्लाइड जिच्यात शिरती त्या चौकोनी खोबणीच्या कोपऱ्यात, तर दुकानदाराचं निम्मं खरं आहे, तो व्हाइस हलक्या कामालाच ठेवा, त्याच्यावर छिन्नी-हातोडा नको. तिथंच व्हाइसचा सगळा ताण येतोय आणि तिथलं वेल्डिंग घरगुती पातळीवर भरवशाचं नाही. तुमची चीर मात्र बेसच्या कानाला आहे म्हणताय. ती कामाच्या जोरानं गेली नसणार, वाकड्या-तिकड्या फळीवर बोल्ट आवळून गेली असणार. फळी जिथं बसकी असती तिथं कान अधांतरी राहतो, बोल्ट खाली ओढतो, कान वाकतो, बीड वाकत नाही म्हणून फुटतं. ही चीर घाबरायची नाही.

तिला वेल्डिंग करू का असं तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो, कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडं नेऊ नका. साध्या स्टीलच्या रॉडनं बिडाला वेल्डिंग मारलं की जोडाच्या कडेला बीड थंड होताना काचेसारखं कडक पांढरं होतंय, त्यावर ड्रिलसुद्धा चालत नाही आणि जोड टिकतोय पण शेजारी नवी चीर पडती. करायचंच असेल तर निकेल रॉड लागतोय आणि रीत लागती, चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक, म्हणजे चीर पुढं सरकत नाही, मग चीर व्ही आकारात उघडायची, पूर्ण कास्टिंग २५०-३०० डिग्रीपर्यंत सारखं तापवायचं, एका वेळी इंचभरच वेल्ड, लगेच हातोडीच्या गोल तोंडानं हलकं ठोकून ताण काढायचा, परत इंचभर, आणि शेवटी कोरड्या राखेत किंवा चुन्यात गाडून रात्रभर थंड होऊ द्यायचं. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीला रिपेअरचं काम करणारा माणूस ओळखीचा असेल तर हे होतंय. किंवा पितळी रॉड आणि टाकणखार लावून ब्रेझिंग, ते बिडाला जास्त मानवतंय कारण बीड वितळवावं लागत नाही. पण तुमच्या जागी मी यातलं काहीच करणार नाही. कानाच्या चिरेला मी टोकांना दोन भोकं मारून तिथंच थांबवीन आणि बेसच्या खाली १२ मिलिमीटरची एमएस (साध्या स्टीलची) प्लेट घालीन, बेसपेक्षा चारी बाजूंनी ४०-५० मिलिमीटर मोठी, आणि चिरलेल्या कानावर बोल्ट न मारता वरनं एक जाड पट्टी क्लॅम्पसारखी बसवून ती प्लेटला बोल्ट करीन. कानाचं काम फक्त धरून ठेवायचं आहे, ते पट्टीनं झालं की चिरेवर ताणच राहत नाही. उष्णता नाही, खेळ नाही, पुढं कधी काढावं वाटलं तर निघतंयसुद्धा.

आता जाम झालेला स्पिंडल. इथं घाई करायची नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून आटा नटात (स्पिंडल ज्यात फिरतो त्या आतल्या तुकड्यात) पाचर मारल्यासारखा बसलेला असतोय. दोन्ही तोंडांनी, म्हणजे पुढं कॉलरजवळ आणि मागं नटाजवळ, डिझेल किंवा निम्मं एसीटोन निम्मं एटीएफ (गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं) ऑइल असं मिश्रण सोडा, दिवसातनं दोनदा, चार-पाच दिवस. रोज स्पिंडलच्या तोंडावर तांब्याच्या किंवा लाकडी हातोड्यानं हलके दहा-बारा ठोके द्या, लोखंडी हातोडा थेट मारू नका, तोंड मशरूमसारखं पसरतंय. मग हँडल आवळायच्या दिशेनं आधी थोडं, मग सोडायच्या दिशेनं, असं हलवत राहा, पाव फेरा सुटला की तेल आत जातंय आणि पुढचं सोपं. नाहीच हललं तर नटाच्या बाहेरनं ब्लो लॅम्पनं तापवा, पण तेल-डिझेल पूर्ण पुसून आणि उघड्यावर, एसीटोन लावलं असेल त्या दिवशी तर अजिबात नाही.

सुटलं की मग उघडा. पाच इंची व्हाइसचं वजन पंधरा-वीस किलोपर्यंत जातंय, पुढचा जॉ बाहेर येताना खाली कुणाला तरी धरायला सांगा, पायावर पडला तर बोटं जातील. पुढच्या जॉमागं कॉलर, वॉशर, स्प्रिंग आणि एक स्प्लिट पिन असती, पिन कापून काढा आणि तीच परत घालायचा मोह नको, नवी दहा-वीस रुपयांत मिळती. नट बहुतेक एका बोल्टनं बेसला धरलेला असतोय. कुठला तुकडा कुठनं आणि कुठल्या बाजूनं निघाला याचे फोटो काढून ठेवा.

गंजाबद्दल. जॉ, नट, स्पिंडल, सगळ्याला वायर ब्रश आणि ग्राइंडर लावत बसू नका, चपटे-घासायचे पृष्ठभाग त्यात खराब होतात. इलेक्ट्रोलिसिस सगळ्यात बरं. प्लास्टिकचा टब, पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, निगेटिव्ह व्हाइसच्या पार्टला आणि पॉझिटिव्ह जुन्या लोखंडी पत्र्याला, दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. निगेटिव्ह-पॉझिटिव्ह उलटं झालं तर तुमचा व्हाइसच खाल्ला जातो, दोनदा बघा. पत्रा स्टेनलेसचा घेऊ नका, त्यातनं विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि सोड्याऐवजी मीठ घालू नका, त्यातनं क्लोरीन निघतो. हायड्रोजनही निघतोच, म्हणून टब घराबाहेर आणि जवळ विडी-काडी नको. रात्रभर ठेवलं की काळी मऊ राख राहती, ती ब्रशनं निघती. काही चार्जर ऑटोमॅटिक असतात, समोर बॅटरी नसली की चालू होत नाहीत, साधा जुना चार्जर बघा.

आपल्याकडं अजून एक रीत चालती, मळीची, म्हणजे साखर कारखान्यात उरणाऱ्या दाट काळ्या पाकाची. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात पार्ट बुडवून दोन आठवडे. गंज निघतोय हे खरं, मी स्वतः स्पिंडलला केलंय, पण वास असा सुटतोय की शेजारी तक्रार करतील, आणि बिडाला फार दिवस ठेवलं तर बीड वरनं मऊ पडतंय. साधे स्टीलचे पार्ट असतील तरच वापरा. कुठल्याही रीतीनं काढलं तरी बाहेर काढल्या-काढल्या गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा आणि लगेच तेल लावा, दहा मिनिटं विसरलात की तांबूस गंज परत वर येतोय. जुलै-ऑगस्टच्या पावसात ऊन नसतंय, तेव्हा हेअर ड्रायर किंवा चुलीजवळ ठेवा.

आता नट आणि स्पिंडल, माझ्या मते दुरुस्तीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. हँडल पाव फेरा मोकळं फिरतंय म्हणून लोक घाबरतात, पण ६ मिलिमीटर पिचला पाव फेरा म्हणजे दीड मिलिमीटर मोकळीक, त्यानं पकड कमी होत नाही. बघायची गोष्ट वेगळी, आट्याची जाडी किती उरली. चौकोनी आट्याला ६ पिच असला तर नवा आटा ३ मिलिमीटर जाड असतोय. व्हर्नियरनं मोजा, नटाच्या तोंडाशी निम्मी म्हणजे दीड मिलिमीटर किंवा कमी उरली असेल तर नट बदला, नाहीतर एक दिवस भर कामात सगळे आटे एकदम सोलून निघतात. दीडच्या वर असेल आणि नटाची दोन्ही तोंडं सारखी असतील तर आधी तो उलटा बसवून बघा. आटा एकाच बाजूनं झिजलेला असतोय, जी बाजू आवळताना दाबती ती, नट उलटा केला की न झिजलेली बाजू कामाला येती आणि आट्याची दिशा बदलत नाही. हे लई लोकांना माहीत नसतंय आणि याला पैसा लागत नाही.

नवा करायचा तर उद्यमनगरात चौकोनी आटा कापणारे जुने टर्नर अजून आहेत, पण स्पिंडल आणि नट दोन्ही सोबत न्या, नुसतं माप लिहून देऊ नका. कारण स्पिंडल सगळीकडं सारखा झिजलेला नसतोय, जिथं रोज आवळलं जायचं तिथं जास्त बारीक आणि टोकाला जवळजवळ नवा. नटाचा आटा त्या न झिजलेल्या टोकावर बेतून कापला पाहिजे, मधल्या झिजलेल्या भागावर बेतला तर टोकाला जाऊन अडकतो. मटेरियल गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू) घ्या, ते नको असेल तर चांगलं बीडही चालतं, पण स्टीलचा नट नको. नट स्पिंडलपेक्षा मऊ असायला पाहिजे म्हणजे झीज नटात होती, आणि पुढच्या वेळी परत नटच बदलायचा, स्पिंडल वाचतो. नटाची लांबी जुन्यापेक्षा कमी करू देऊ नका, जागा असेल तर उलट थोडी वाढवा.

जॉ प्लेटचा तुटलेला स्क्रू. काढायच्या आधी एक गोष्ट तपासा, तो स्क्रू मेट्रिक आहे की इंची. आपल्याकडं १९५६च्या कायद्यानंतर मेट्रिक आलं खरं, पण शॉपमध्ये सूत (इंचाचा आठवा भाग) आणि इंच चालूच राहिलं, आजोबांच्या व्हाइसला अडीच सुती व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश पद्धतीचे) आटे असण्याची शक्यता जास्त. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, इंचाला १८ आटे, म्हणजे पिच १.४१. आठ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू दिसायला अगदी तसाच, पण पिच १.२५ आणि आट्याचा कोनही ५५ऐवजी ६०. दोन फेरे सहज जातो, तिसऱ्याला अडकतो, आणि जोर लावला की बिडातले आटे कायमचे गेले. थ्रेड गेज नसेल तर शाबूत असलेल्या बाजूचा जुना स्क्रू खिशात घालून लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरवाल्याकडं न्या.

तुटलेला तुकडा काढायला, आत थोडासा दिसत असेल तर त्याच्यावर नट ठेवून नटाच्या भोकातनं वेल्ड मारा, गरम असतानाच हळू फिरवा, बऱ्याचदा सुटतोय. नाहीच झालं तर मधोमध पंच मारून ड्रिल करा. बिडाला ड्रिल करताना तेल लावायचं नाही, त्यातलं ग्राफाइटच वंगणाचं काम करतं, तेल लावलं की चूर चिकट होऊन भोकात बसतोय. आटे गेलेच तर पुढच्या मापाला जा, १० मिलिमीटरचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), त्याला ८.५चं ड्रिल.

प्लेटा स्वतः करा. ईएन ८ (मध्यम कार्बनच्या स्टीलचा) १२ मिलिमीटर जाड पट्टा कापून घ्या, काउंटरसिंक भोकं, स्क्रूचं डोकं एक मिलिमीटर आत बुडलं पाहिजे. दाते पाडायचे का? मी म्हणतो, घरच्या शॉपला गुळगुळीत प्लेटाच बऱ्या. दात्यांची पकड चांगली वाटती पण प्रत्येक जॉबवर, म्हणजे धरलेल्या तुकड्यावर, खुणा उमटतात. आणि कडक करायच्याही नकोत. करायच्याच असतील तर लोहचुंबक चिकटायचं बंद होईपर्यंत तापवायचं, त्याच्या थोडं पुढं नेऊन तेलात बुडवायचं, मग घासून चकचकीत केलेल्या कडेला गवती पिवळा रंग येईपर्यंत परत हलकं तापवायचं, पण बुडवताना पट्टा वाकतो आणि मग ग्राइंडिंगचा खर्च.

पितळ, ॲल्युमिनियम, पॉलिश केलेलं काम धरायला चामड्याच्या गाद्या ठेवा. आपल्याकडं यासारखी सोय कुठं नाही, चप्पल लाइनला जाऊन कोल्हापुरी चपलेच्या तळाचं जाड चामडं, तुकडे मिळतात तेच चालतात, दोन ॲल्युमिनियमच्या एल अँगलना चिकटवा. फक्त ते चामडं झाडांच्या सालीनं कमावलेलं असतंय, ओलाव्यात त्यातलं टॅनिन लोखंडाला काळं करतं, म्हणून पावसाळ्यात रात्री व्हाइसमध्ये अडकवून ठेवू नका.

जोडताना जॉचा सरळपणा बघा. दोन्ही टोकांना वर्तमानपत्राच्या पट्ट्या धरून हलकं आवळा, दोन्ही सारख्या घट्ट पाहिजेत. एकच सुटत असेल तर त्या बाजूच्या प्लेटमागं पातळ पितळी शिम (पत्र्याची पट्टी) घाला. वर आणि खाली तीच परीक्षा करा, पण इथं दोन्ही सारखं नको, हलक्या आवळण्यात वरची कड थोडी आधी टेकली पाहिजे, कारण जोर आला की पुढचा जॉ वरनं मागं झुकतो आणि मगच पूर्ण तोंड बसतं. आवळताना पुढचा जॉ वर उचलला जात असेल तर स्लाइड खोबणीत ढिली झालीय, तिथं ०.२-०.३ मिलिमीटरची पितळी पट्टी घालून बघा.

रंगावर मी वेळ घालवणार नाही, रेड ऑक्साइड आणि वर कुठलाही एनॅमल, स्लाइड आणि नटाची जागा टेपनं झाकून. स्पिंडलला ग्रीस पातळ, स्लाइडला नुसतं तेल, कारण ग्रीसमध्ये कानशीचा चूर अडकतो. झाकायला सुती कापड, प्लास्टिक नको, आत घाम धरतो.

बसवायची उंची, सरळ उभं राहून मूठ हनुवटीखाली टेकवा, कोपर जिथं येईल तिथं जॉची वरची कड. फिक्स्ड जॉ टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येती. जागा टेबलाच्या पायाच्या वर, आणि लाकूडस्क्रू नाही, आरपार १२ मिलिमीटरचे बोल्ट, खाली जाड वॉशर. हातोड्याचं काम असेल तर घाव फिक्स्ड जॉकडं जाईल असं उभं राहा, पुढच्या जॉकडं मारलेला प्रत्येक घाव नव्या नटाच्या आट्यावर पडतो.

आधी खडूची परीक्षा करा आणि रेघेचा फोटो टाका. कानाच्या पुढं अंगापर्यंत गेलेली दिसली तर नट-स्पिंडल टर्नरला द्यायच्या आधी थांबा.